देवाक काळजी असतेच, पण १०८ ला फोन आधी

घरात कोणी आजारी पडलं की आपल्या मालवण किनाऱ्यावर दोन माणसं एकदम निघतात. एक गाडीची सोय बघायला आणि दुसरं देवाकडे. हिंदू घर असेल तर ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, ख्रिस्ती घर असेल तर क्रुसासमोर मेणबत्ती आणि तेर्स, मुसलमान घर असेल तर दर्ग्यावर दुवा. शेजारी येऊन सांगतो, "घाबरा नको, देवाक काळजी." या शब्दांनी धीर येतो, हे आपण सगळेच जाणतो.

पण सध्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरताना दिसतात. एका प्रकारात कुणाच्या तरी प्रार्थनेने कॅन्सर गेला, शुगर गेली, आंधळ्याला दिसू लागलं असे व्हिडिओ असतात. दुसऱ्या प्रकारात सांगितलेलं असतं की गावात येणारं प्रत्येक ख्रिस्ती आरोग्य शिबिर म्हणजे धर्मांतराचा डाव. पहिला मेसेज वाचून माणूस गोळ्या बंद करतो. दुसरा वाचून तपासणीलाच जात नाही. दोन्हीकडे नुकसान आजारी माणसाचंच.

म्हणून आज जरा शांतपणे हा विषय बघूया. प्रार्थनेने रोग बरा होतो का? श्रद्धेने आलेला डॉक्टर आणि श्रद्धा विकणारा माणूस यांच्यात फरक कसा ओळखायचा? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या वेंगुर्ल्यातच सुरुवात करता येते.

वेंगुर्ल्याचे डॉक्टर गोहीन

वेंगुर्ल्यातलं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल जुन्या पिढीला चांगलं माहीत आहे. हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं काम. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात डॉ. रॉबर्ट गोहीन हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर इथे राहून रुग्ण तपासत होते. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. म्हणजे दिल्लीत बसलेला अमेरिकेचा राजदूत जन्माने वेंगुर्लेकर होता!

तो काळ आठवून बघा. मुंबई-गोवा हायवे नाही, कोकण रेल्वे तर १९९८ साली पूर्ण सुरू झाली. मुंबईला जायचं तर बोट, नाहीतर आंबोली घाट चढून बेळगाव. अशा ठिकाणी डॉक्टर बायकामुलांसह येऊन राहिला. तो श्रद्धेनेच आला होता, हे लपवायचं कारण नाही. हॉस्पिटलचं नावच बघा. बायबलच्या नव्या करारात लूक हा वैद्य म्हणून ओळखला जातो. पण गोहीन नुसती प्रार्थना करायला आले नव्हते. ते वैद्यकीचं शिक्षण घेऊन आले होते.

घाटावर मिरजेत हेच चित्र आणखी मोठं दिसतं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली याच मिशनतर्फे भारतात आले. १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८९७ साली त्यांनी डॉक्टरकीचं शिक्षण देणारी शाळा सुरू केली. १९२८ साली ते निवृत्त झाले, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं ते इथे होते. आज मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात, त्याची मुळं तिथे आहेत. आपल्याकडची किती माणसं घाट चढून मिरजेला ऑपरेशनला गेली असतील, त्याचा हिशेब घरोघरच्या आठवणीतच सापडेल. ज्या मूळ हॉस्पिटलमुळे हे सगळं झालं ते अलीकडच्या वर्षांत आर्थिक अडचणीत सापडलं, ही दुःखाची गोष्ट.

सुरी आणि प्रार्थना

त्या काळच्या मिशन दवाखान्यांत ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची पद्धत होती. पण ती प्रार्थना कशासाठी? डॉक्टरचा हात स्थिर राहावा, रुग्णाला बळ मिळावं यासाठी. प्रार्थना झाली की सुरी हातात घेतली जायची. प्रार्थना झाली म्हणून ऑपरेशन रद्द, असं नव्हतं. सगळा फरक इथे आहे. प्रार्थना उपचाराच्या शेजारी बसली तर ती आधार देते. उपचाराच्या जागेवर बसली तर ती जीव घेऊ शकते.

ही गोष्ट ख्रिस्ती धर्माच्या विरोधात नाही, उलट त्या धर्मातूनच निघते. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला त्याने काय केलं? जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाचे पैसेही दिले. म्हणजे प्रथमोपचार, वाहन, भरती आणि बिल! त्या गोष्टीत चमत्कार एकही नाही.

आपल्या जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज बहुतांश कॅथलिक. २००५ साली सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या कॅथलिक चर्चची या बाबतीतली भूमिका स्पष्ट आहे. व्हॅटिकनने २००० साली आजारातून बरं होण्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल सूचनापत्रक काढलं. त्यात म्हटलं आहे की प्रार्थना केली म्हणून औषधोपचार सोडायचे नसतात, उलट ते घेण्याला प्रार्थनेने बळच मिळतं. फ्रान्समधल्या लूर्ड या तीर्थस्थानाचं उदाहरण घ्या. तिथे १८५८ नंतर बरं झाल्याचे हजारो दावे आले. डॉक्टरांनी कागदपत्रं, तपासण्या बघून छाननी केल्यावर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. दीडशेहून जास्त वर्षांत सत्तर! आणि आपल्या मोबाइलवर एका दिवसात पाच चमत्कार येतात.

बरं वाटणं आणि बरं होणं

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, बरं वाटणं आणि बरं होणं. ते वेगवेगळे आहेत आणि प्रार्थनेचा विषय याच दोन शब्दांत समजतो.

प्रार्थनेने बरं वाटतं, यात शंका नाही. चार माणसं जमली, कुणी डोक्यावर हात ठेवला, मायेने बोललं, भीती कमी झाली. मन शांत झालं की दुखणं कमी जाणवतं, झोप लागते. गाऱ्हाण्यातही हेच होतं. सगळं गाव आपल्यासाठी "व्हय म्हाराजा" म्हणतंय, ही भावना मोठी असते.

पण रोग बरा होतो का, हे तपासण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर सहा हॉस्पिटलांत अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित नाही. त्यातल्या एकासाठी प्रार्थना झाली, एकासाठी नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार, आणि तशी ती झाली. निकाल काय? पहिल्या दोन गटांत ऑपरेशननंतर त्रास झालेल्यांचं प्रमाण ५२ टक्के आणि ५१ टक्के, म्हणजे सारखंच. ज्यांना प्रार्थना होतेय हे माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. हा योगायोगही असू शकतो, असं संशोधकांनीच म्हटलं. प्रार्थनेने नुकसान होतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण लांबून केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली, असंही दिसलं नाही.

मग "माझ्या डोळ्यांसमोर बरा झाला" असं लोक सांगतात, ते सगळेच खोटं बोलतात का? नाही. साधा ताप चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी प्रार्थना केली, पाचव्या दिवशी ताप गेला, श्रेय प्रार्थनेला. सापाचंही तसंच. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापसुद्धा दरवेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसावर मांत्रिकाने मंत्र टाकला की तो बरा होणारच, कारण तो मरणारच नव्हता. मांत्रिकाचं नाव गावभर होतं. खरं विष भिनलेला रुग्ण दगावला तर म्हणायचं, "उशीर झालो."

विंचवाचं उदाहरण तर आपल्या कोकणातलंच आहे. लाल विंचू चावला की पूर्वी शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू उतरवायचे मंत्र शेकडो वर्षं होतेच. माणसं वाचली ती गोळीने.

जिथे तास मोजायचे असतात

काही आजारांत एक दिवस इकडेतिकडे झाला तरी चालतं. काहींत तास मोजावे लागतात. हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला एक तास कौल लावण्यात आणि दुसरा प्रार्थनेला माणसं जमवण्यात गेला, तर मालवणहून निघून स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठेपर्यंत वेळ संपते.

मण्यार चावली तर जखम नीट दिसतही नाही, दुखतही नाही. झोपेत चावते आणि पहाटे श्वास बंद पडायला लागतो. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. या सगळ्यावर उपाय एकच, प्रतिविष. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे.

लावणीच्या दिवसांत चिखलात काम करून ताप आला, अंग मोडून आलं, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर तो लेप्टो असू शकतो. सुरुवातीलाच साधी प्रतिजैविकं दिली तर माणूस बहुधा सुटतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत बिघडतं. दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून माकडताप आहे, तिथे जंगलात जाऊन आलेल्याने ताप अंगावर काढू नये.

आणि सगळ्यात मोठा धोका गुपचूप होतो. प्रार्थना सभेत किंवा एखाद्या बाबाकडे सांगितलं जातं, "तू आता बरा झालास, गोळ्या बंद कर." टीबीच्या गोळ्या मध्येच थांबवल्या तर औषधाला दाद न देणारा टीबी होतो आणि तो घरातल्या पोरांना लागतो. फिट्सच्या गोळ्या थांबवल्या तर माणूस पाण्यात, चुलीत पडतो. लहान मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जातो. गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, तो तुमचा हितचिंतक नव्हे.

घरातली मुलगी वेगळंच बोलायला लागली, घुमायला लागली तर देवस्की करण्याआधी मानसोपचार डॉक्टर. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोनवर मोफत बोलता येतं.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. शिवाय १९५४ च्या केंद्रीय कायद्याने कॅन्सर, मधुमेहासारखे आजार मंत्रताईताने बरे करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे.

पण हेही लक्षात घ्या. याच जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट लिहिलंय की घरात, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना, उपासना, धार्मिक विधी हा गुन्हा नाही. म्हणजे कुणी आजाऱ्यासाठी तेर्स केला म्हणून त्याच्यावर ओरडायचा अधिकार कुणाला नाही. धर्म सांगण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. मात्र दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा त्या हक्काचा भाग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं. तेव्हा गोळ्या हव्यात तर सभेला बसा, अशी अट कुणी घालत असेल तर ते चूकच. आजारी माणूस अडलेला असतो. अडलेल्या माणसाचा होकार हा खरा होकार नसतो.

सात दिवसांची सहल, चाळीस वर्षांची वस्ती

हल्ली परदेशातून किंवा मोठ्या शहरातून आठवडाभरासाठी आरोग्य शिबिरं घेऊन जाणाऱ्या टीम जगभर फिरतात. त्यातली बरीच माणसं मनापासून आलेली असतात. पण बीपी, शुगर हे आजार आठवड्याचे नाहीत. सात दिवसांच्या गोळ्या देऊन टीम गेली, पुढे काय? गोहीन आणि वानलेस यांचं मोठेपण इथे कळतं. त्यांनी दिलेल्या औषधाचा त्रास झाला तर रुग्ण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात येऊ शकत होता.

म्हणून शिबिर चर्चचं असो, देवस्थानचं असो, पक्षाचं असो की कंपनीचं, जाण्याआधी एवढं विचारा:

१. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक काय? चिठ्ठीवर तो लिहिलेला असलाच पाहिजे. परदेशी डॉक्टर असेल तर त्याला भारतात तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते.

२. तपासणीचा कागद माझ्या हातात मिळणार का?

३. पुढचा उपचार कुठे? आपल्या आरोग्य केंद्राला कळवलंय का?

४. प्रार्थना, प्रवचन, भाषण ऐकलं नाही तरी औषध मिळेल का?

५. चालू गोळ्या बंद करायला कुणी सांगतंय का?

पहिल्या चार प्रश्नांना नीट उत्तर मिळालं आणि पाचव्याला "नाही" असेल, तर खुशाल जा. शेवटी कुणी विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" तर हो म्हणायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

रिकामी जागा कुणाची?

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. माणूस चमत्काराच्या मागे का लागतो? कारण डॉक्टर लांब असतो. कित्येक वर्षं आपल्याकडे सिरियस रुग्ण म्हटला की बांबोळी. मालवणहून शंभर किलोमीटरच्या वर. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना फी लावली, तेव्हा आपल्या जिल्ह्याला कळलं की आपण किती दुसऱ्यावर अवलंबून आहोत. २०२१-२२ मध्ये सिंधुदुर्गला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, १०० जागांचं. चांगली गोष्ट आहे. पण कॉलेजची पाटी लागली म्हणजे रात्री दोन वाजता हृदयाचा डॉक्टर हजर असतो असं नाही. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का, डॉक्टर मुक्कामाला असतो का, १०८ किती वेळात येते, हे ग्रामसभेत विचारायला हवं. शिबिरात कुणी प्रार्थना केली यावर आपण जेवढे भांडतो, त्याच्या निम्मं या प्रश्नांवर भांडलो तरी फरक पडेल.

वेंगुर्ल्याला बोटीने येऊन राहिलेल्या डॉक्टरने जे केलं ते साधं होतं. जिथे डॉक्टर नव्हता तिथे डॉक्टर राहिला. आज ते काम सरकारचं आहे, आणि ते करून घेणं आपलं.

तोवर घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८ लिहून ठेवा. आधी फोन लावा. गाडी येईपर्यंत जेवढी प्रार्थना, जेवढं गाऱ्हाणं घालायचं तेवढं घाला. देवाक काळजी असतेच. आपणही थोडी घेऊया.